सातव्या होलमधला चेंडू

शिंपीमास्तर गेली बावीस वर्षं दर रविवारी तळ्याकाठच्या छोट्या गोल्फ मैदानावर खेळत होते. मैदान नऊच होलचं आणि प्रत्येक होल तीन फटक्यांत संपवायचा. ऐकायला सोपं, पण सातव्यानं भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. मध्ये तळं, वर आडवा वारा, पलीकडे उंचवटा आणि त्यामागे होल. इकडून झेंड्याचं नुसतं टोक दिसायचं. पहिल्याच फटक्यात होल गाठणाऱ्याचं नाव क्लबातल्या फळ्यावर लागे. सातव्यासमोरची जागा अजून कोरीच होती.

त्या रविवारी मास्तरांचा चेंडू पाण्यावरून गेला, उंचवट्यावर टेकला आणि पलीकडे दिसेनासा झाला. जोडीदार म्हणजे त्यांचा मेहुणा, चष्म्याच्या दुकानाचा मालक. त्याचा चेंडू काठच्या चिखलात रुतला होता. तो काठीनं चिखल उपसत बसला. मास्तर पुढे गेले. हिरवळीवर चेंडू नाही. होलमध्ये वाकून पाहिलं, तर आत. आणि तिथेच घात झाला. खाली पडलेली टाचणी कुणाच्या पायात घुसण्याआधी उचलायची, ही दुकानातली चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप आत गेला. मेहुणा उंचवटा चढून आला, तेव्हा चेंडू मास्तरांच्या मुठीत होता.

फळ्यावर नाव लागायला क्लबाचा फॉर्म भरावा लागे, आणि त्यावर जोडीदाराची सही, 'चेंडू होलमध्ये पाहिला' या ओळीखाली. मेहुण्यानं फॉर्म दोनदा वाचला आणि परत दिला.

"भावोजी, मी तो तुमच्या हातात पाहिला. तसं लिहू का?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगाला चष्मे लावतोस आणि तुलाच दिसत नाही, म्हणाले. मी काय तो खिशातून काढला? मेहुणा म्हणाला, तसं मी म्हटलेलं नाही. पाहिलं नाही, एवढंच म्हटलंय. उरलेले दोन होल दोघं न बोलता खेळले, आणि दोघंही वाईट खेळले.

आठवडाभर दुकानात कात्री आपटत राहिली. एका वकिलाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, त्याचं खापरही मेहुण्यावर फुटलं. घरी बायकोला ऐकवलं, की तुझं अख्खं माहेर असलंच, दुसऱ्याच्या पंगतीत बसून आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगणारं. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुमची चौकशी करायला हाच आला होता. याच्या शब्दावर झालं आपलं लग्न. तेव्हा बरा चालला."

शुक्रवारी मेहुणा दुकानात आला. फॉर्म द्या, म्हणाला, सही करतो. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"का? आता आठवलं?"

"ताईचा फोन आला होता. तुम्ही धड जेवत नाही, म्हणाली."

मास्तरांनी खणातून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. मेहुण्यानं पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात त्यांनी फॉर्मवर पंजा ठेवला.

"राहू दे. नाव फळ्यावर लागेल, आणि ते वाचलं की मला तुझ्या ताईचा फोन आठवेल."

"मग मी करू तरी काय?"

"पाहायला हवं होतंस. चिखलात एवढं काय सोनं पुरलं होतं?"

"चेंडू नवा होता," मेहुणा खाली मान घालून म्हणाला.

मास्तरांनी फॉर्मचे चार तुकडे केले. मग पाठ फिरवून, वकिलाची बाही उसवता उसवता, रविवारी साडेसहाला वेळेवर ये, असं त्याला सांगितलं. तेही रागानंच.