हौद्याकाठचा आवाज

आजरा तालुक्यातल्या एका वाडीतून आकाराम पोवार कोल्हापूरला आला तो कुस्ती शिकायला. नव्वदच्या आसपासचं ते साल. अंग शिसवीसारखं काळं आणि घट्ट, बोलणं थोडं, जेवण दोन माणसांचं. शिवाजी पेठेतल्या एका तालमीत त्याला पथारी टाकायला जागा मिळाली आणि वर्षभरात पेठेनं त्याला आपला म्हटलं. पेठेनं एकदा आपला म्हटलं की माणूस मरेपर्यंत पेठेचाच असतो. मग तो जिंको नाहीतर हरो.

कुस्तीत पैलवानाला फार दिसत नाही. कधी आभाळ दिसतं, कधी माती, कधी समोरच्याची काख. दिसतं ते हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, काठावर उभ्या असलेल्या वस्तादाला. तो वरून ओरडतो आणि खालच्याचं अंग त्या हुकमाबरोबर वळतं. आकारामच्या वस्तादांचा आवाज असा होता की मैदानात पाच हजार माणूस असलं तरी तो नेमका त्याच्या कानात उतरायचा. "आकाराम, पट काढ!" म्हटलं की हात आपोआप समोरच्याच्या गुडघ्यामागं जायचे. "हात त्याच्याकडं, कान माझ्याकडं," एवढंच वस्तादांचं शास्त्र. आकारामनं ते देवाच्या नावासारखं जपलं.

कुरुंदवाडकडच्या एका जत्रेत त्याचा गुडघा उलटा गेला. लोकांनी खांद्यावर घालून बाहेर आणला. पुन्हा तो हौद्यात उतरला नाही. कानांचं मोडणं त्याच्या आधीचं. घासून घासून पाळ्यांच्या गाठी झाल्या होत्या, आणि एकदा डावा कान फुटला तो कायमचा बंद झाला. उजव्यात मोठा आवाज तेवढा शिरायचा. पण कोल्हापुरात सगळेच मोठ्यानं बोलतात. त्यामुळं आकारामला कमी ऐकू येतं हे त्याची बायको अंजना सोडली तर कुणाच्या ध्यानात आलं नाही. हळूहळू ते त्याच्या स्वतःच्याही ध्यानातून गेलं.

दोन हजार एक साली पेठेतल्या गणपतरावांनी आपल्या घराखालच्या गाळ्यात नेट कॅफे काढला. कॉम्प्युटरातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण पोरांतलं कळत होतं. म्हणून त्यांनी आकारामला तिथं बसवलं. "भांडणं झाली तर दोघांना दोन हातांत धरून भाईर ठेव. एवढंच तुझं काम."

भांडणं रोजच व्हायची. सगळी एकाच खेळावरून. पाच विरुद्ध पाच, पडद्यावर बंदुका घेतलेली माणसं, बोळ, भिंती, दारं. एका बाजूनं बॉम्ब नेऊन ठेवायचा, दुसरीनं तो ठेवू द्यायचा नाही. पहिले काही महिने आकारामला ते पोरखेळ वाटलं. मग एके दुपारी तो पाच पोरांच्या पाठीमागं पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. प्रत्येक पोराला आपल्यापुरतं दिसत होतं. कुणाला भिंत, कुणाला दार. आकारामला मात्र पाचही पडदे एकदम दिसत होते.

त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "गुंड्या, मागं बघ! मागं!"

गुंडूनं मागं वळून गोळी घातली. समोरचा पडला. गुंडू खुर्चीतच फिरला. "आयला, वस्ताद! तुमाला कसं कळलं?"

कितीतरी वर्षांनी तो शब्द कानावर आला होता, आणि या वेळी तो त्याच्यासाठी होता.

त्या दिवसापासून ती पाच पोरं आकारामची झाली. पृथ्वीराज शिंदे, नेम असा की बोट हललं की माणूस आडवा. संघर्ष कांबळे, इंजिनिअरिंगला होता, डोकं थंड. गुंडू, आणि पिराजी-जोतीराम हे दोघे सख्खे भाऊ. आकारामला इंग्रजी नावं यायची नाहीत, म्हणून त्यानं खेळातल्या जागांना आपली नावं दिली. बॉम्ब ठेवायची जागा चावडी. अंधारा बोळ म्हणजे गोठा. वरची खिडकी म्हणजे माळा. पाचांच्या पाठीमागं येरझाऱ्या घालत तो गर्जायचा, "गोठ्यात दोघं! पिराजी, थांब! संघर्ष, चावडी सोडू नगं! पृथ्वी, माळ्यावर... हाण!" आणि पाच अंगं एका माणसाची असल्यासारखी हलायची.

गणपतरावांनी सुरुवातीला प्रत्येक खुर्चीला हेडफोन दिले होते. आकारामनं ते सगळे काढून खोक्यात भरले. "कान झाकून कुस्ती करतोस व्हय रं?" तो म्हणाला. स्पीकर तर शेजाऱ्यांच्या तक्रारीनं आधीच बंद होते.

संघर्ष एकदा म्हणाला, "वस्ताद, पुण्याची पोरं म्हणत्यात, ह्यातला आवाज ऐकून कळतंय म्हणं कोण कुठनं येतंय ते."

"माझा आवाज हाय की," आकाराम म्हणाला. पोरं हसली. संघर्षही हसला. विषय तिथंच राहिला.

दोन हजार पाच साली परदेशात या खेळाची जागतिक स्पर्धा भरणार होती आणि तिथं जाणारा भारताचा संघ मुंबईत ठरणार होता. पोरांनी पुण्याची फेरी जिंकली आणि मुंबई गाठली. मुंबईत समोरची पोरं चिडली. "ये चिल्लानेवाला अंकल कौन है?" एकानं पंचाला विचारलं.

"आमचा वस्ताद हाय," गुंडूनं मराठीतच ठणकावलं. "तुमालाबी पायजे तर तुमचा आना की!"

पंच तरुण होता. त्यानं कागद चाळले, डोकं खाजवलं, मागं उभं राहायला हरकत नाही, पण हात लावायचा नाही, असं म्हणाला. टेबलावर हेडफोन होते. पाचांनी ते गळ्यात अडकवले आणि कान वस्तादाकडं दिले. संध्याकाळी शिवाजी पेठेतली पाच पोरं भारताची झाली होती.

कोल्हापुरात हलगी वाजली, गुलाल उडाला. पेठेत फुटबॉलचा कप आला की निघते तशी मिरवणूक निघाली. तालमीतल्या म्हाताऱ्यांना कशाचा गुलाल ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तेही नाचले. अंजनानं ओवाळलं आणि आकारामच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आवं, गुडघा गेला तवा तुमी रडला न्हाईसा. आज कशाला रडताय?"

"हौदा मिळाला गं परत," तो म्हणाला. "ह्या खेपेला जगाचा हाय."

तो हौदा सिंगापूरला होता. हॉल एवढा थंड की पोरांचे हात गारठले. दिवे निळे, जमीन मऊ. तिथल्या पंच बाईनं नियम वाचून दाखवले आणि संघर्ष ते मराठीत सांगू लागला. सांगता सांगता तो मध्येच थांबला.

"काय म्हणतीया?" आकारामनं विचारलं.

"हेडफोन घालायलाच पायजेत म्हणतीया. आपसांत बोलायचं ते माइकवर." संघर्षनं जमिनीकडं पाहिलं. "आन् वस्ताद, तुमी दोरीच्या पलीकडं. खेळ चालू असताना बोलायचं न्हाई. एक शब्द जरी बोलला तर डाव त्यांचा."

दोरी खेळाडूंपासून चांगली लांब होती. तिथून पाच पाठी दिसत होत्या, पडदे नव्हते.

समोर डेन्मार्कची पोरं होती. पांढऱ्या पापण्यांची, शाळकरी दिसणारी. त्यांचा वस्तादही दोरीपलीकडंच उभा होता, हाताची घडी घालून, गप्प. आकारामला त्याचं नवल वाटलं. एवढा गप्प वस्ताद त्यानं कधी पाहिला नव्हता.

खेळ सुरू झाला आणि पोरं पडू लागली. एक पडला, दुसरा पडला. गुंडू मागून मेला, पिराजी मागून मेला. आकारामला प्रेक्षकांसाठी वर लावलेल्या मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं. गोठ्यातून दोघं येत होते आणि पृथ्वीराज चावडीकडं तोंड करून उभा होता. ओरड गळ्यापर्यंत आली. आकारामनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मेल्यानंतर पृथ्वीराज खुर्चीत वळला आणि त्यानं दोरीकडं पाहिलं. मग जोतीरामनं पाहिलं. पुढं पुढं तर ते जिवंत असतानाच मागं वळून बघू लागले, जत्रेत बापाचा हात सुटलेल्या पोरासारखे. बघत होते तेवढ्यात मरत होते.

पहिला सामना असा गेला. दुसराही गेला तर परतीचा रस्ता.

मधल्या वेळात पाचजण भिंतीशी बसले. कुणी पाणी प्यायलं नाही. आकाराम पृथ्वीराजसमोर उकिडवा बसायला गेला, पण गुडघा वाकेना. तो तसाच अर्धा वाकून उभा राहिला.

"वस्ताद," पृथ्वीराज म्हणाला. आवाज चिडका नव्हता. चिडका असता तर बरं झालं असतं. "ह्या खेळात पावलं वाजत्यात."

"काय वाजतंय?"

पृथ्वीराजला पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं. "पावलं! लाकडावर येगळी, लोखंडावर येगळी. भिंतीच्या पलीकडं माणूस चालला तरी ऐकू येतंय. कुठल्या कानात येतंय त्यावरनं बाजू कळत्या. त्यास्नी दिसायच्या आदी ऐकू येतोय आमी. आमाला नुसता गोंगाट वाटतोय. चार वरसं खेळतोय ह्यो खेळ, आन् त्याला आवाज हाय हे आज कळलं."

गुंडू म्हणाला, "आरं, वस्तादांच्या आवाजावरच हिथवर आलो न्हवं?"

"हिथवर आलो," पृथ्वीराज म्हणाला. "व्हय."

आकारामला ते खोकं आठवलं. हेडफोन एकेक करून काढताना तारा कशा गुंडाळल्या होत्या, तेही आठवलं. मोठ्या हौसेनं, नीट गुंडाळल्या होत्या. त्याच्या वस्तादांनी त्याला जे दिलं ते त्यानं या पोरांना दिलं होतं, त्यात एक चिमूटही मागं ठेवलं नव्हतं. आणि त्या देण्यानंच पोरं बहिरी झाली होती. त्याचे कान मातीनं मोडले. पोरांचे त्यानं आपल्या हातानं झाकले.

दुसऱ्या सामन्याची हाक आली. पोरं उठली. आकारामनं संघर्षचं मनगट धरलं.

"मी भाईर जातो."

"का, वस्ताद?"

"मी हितं असलो की तुमी मागं बघताय. मागं बघू नगासा. आत काय वाजतंय ते ऐका." मग पाचांकडं बघून तो म्हणाला, "कान माझ्याकडनं काढा आता."

हे म्हणताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की पोरांनाच पुढं झुकून ऐकावं लागलं.

तो बाहेर जिन्यावर जाऊन बसला. दारामागं हजार माणूस ओरडत असेल, टाळ्या पडत असतील. त्याच्यापर्यंत त्यातलं काही येत नव्हतं. समोर काचेपलीकडं परक्या देशाचा रस्ता होता, त्यावरच्या गाड्याही मुक्यानं जात होत्या. कुस्ती चालू असताना हौद्याकडं पाठ करून बसायची वेळ त्याच्यावर जन्मात आली नव्हती. तो हातांची बोटं एकमेकांत अडकवून बसला. ओठ हलत होते. गोठा बघ. माळा बघ. पिराजी, थांब. कुणालाही ऐकू जाणार नाही असं तो सगळा सामना ओरडत राहिला.

दार उघडलं आणि गुंडू आला. शेजारी बसला. त्यानं नकाराची मान हलवली.

"लई डाव गेलं?"

"सुरवातीला लई गेलं," गुंडू त्याच्या उजव्या कानाशी म्हणाला. "मग संघर्ष म्हणाला, गप बसा, ऐका. आन् ऐकू यायला लागलं, वस्ताद! शप्पत. पृथ्वीनं भिंतीआडनं एकाला आवाजावर घेतला. लागोपाठ आमी डाव घेत सुटलो. ती पोरं घाबरली हुती." गुंडूनं बाहीनं तोंड पुसलं. "पन डावच संपलं की. आनि जरा वेळ असता..."

आकारामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणखी जरा वेळ. तो वेळ चार वर्षं त्या खोक्यात पडून होता, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

येताना विमानात पोरं झोपली. कोल्हापुरात हलगी नव्हती. पेठेनं तोंड फिरवलं नाही, पेठ तसली नाही. "परदेशात जाऊन आला, थोडं झालं व्हय?" असं जो तो म्हणाला. अंजनानं ताटात एक भाकरी जास्त वाढली. त्यानं ती ठेवून दिली.

आकारामनं खोकं काढलं, हेडफोन पुसले, जे चालत होते ते खुर्च्यांना लावले. कॅफे शांत झाला. पोरं कान झाकून बसू लागली, हळू आवाजात माइकवर बोलू लागली. हाक मारली तरी कुणाला कळायचं नाही. भांडणंसुद्धा कमी झाली. पिराजी आणि जोतीराम घरच्या दूधधंद्यात गुंतले. गुंडूला मिलिटरीची भरती लागली. संघर्षची परीक्षा आली.

दिवाळीनंतर पृथ्वीराज आला. पुण्यातल्या एका संघानं त्याला बोलावलं होतं. राहायची सोय, नवा कॉम्प्युटर, सगळं ते देणार होते. त्याच्या गळ्यात नवे, जाडजूड हेडफोन होते.

"जाऊ न्हवं, वस्ताद?"

"जा की. इचारतोस काय?" आकाराम म्हणाला. मग थोडा घुटमळला. "पृथ्वी, मला एकदा ऐकीव की रं. त्ये पावलांचं."

पृथ्वीराजनं त्याला खुर्चीत बसवलं, खेळ लावला, हेडफोन त्याच्या मोडक्या कानांवर अलगद बसवले. गाठींवर ते नीट बसेनात, तेव्हा त्यानं हातानं धरून ठेवले. आकारामनं डोळे मिटले. आत लांब कुठंतरी विहिरीच्या तळाशी घुमावं तसं काहीतरी घुमत होतं. ते खेळातलं होतं की त्याच्याच रक्ताचं, त्याला कळेना. तो खूप वेळ ऐकत राहिला. पोरगं हेडफोन धरून उभं होतं, त्याचे हात अवघडत असतील.

"येतंय की," शेवटी तो म्हणाला. "चाललंय कोनतरी. डाव्या अंगानं."

त्यानं डोळे उघडले. पडद्यावर एक भिंत होती, एक दार होतं. माणूस कुठंच नव्हता. कुणीही चालत नव्हतं.

पृथ्वीराजनंही तो मोकळा पडदा पाहिला होता. त्यानं हेडफोन काढून घेतले, आणि वाकून आकारामच्या पायांना हात लावला.

"बरोबर हाय, वस्ताद," तो मोठ्यानं, अगदी पेठभर ऐकू जाईल असं म्हणाला. "डाव्या अंगानंच हुता."