जाळी कुणी काढली?

वकीलबाईंचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. एकदा दोर तुटला, लिफ्ट खाली आली आणि त्यांचा एक पाय गुडघ्यापासून गेला. कंपनीचे साहेब घरी आले, विचारपूस केली आणि उठता उठता म्हणाले, "जरा सांभाळून काम करायला हवं होतं." वडिलांनी ते मनाला लावून घेतलं. "माझंच लक्ष नव्हतं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आई मात्र भांडी घासता घासता पुटपुटायची, "दोर काय ह्यांनी कुरतडला होता?"

मुलगी वकील झाली, आणि नशिबाचा खेळ असा की पहिली नोकरी लागली ती विमा कंपनीत. जखमी माणसाचीच चूक कशी होती, हे सिद्ध करायचं काम. ते तिनं चोख केलं. मग एकदा पडून कंबर मोडलेला एक म्हातारा रंगारी साक्षीला उभा राहिला आणि तिनं काही विचारायच्या आतच म्हणाला, "माझंच लक्ष नव्हतं, बाई." खटला ती जिंकली, पण घरी आली ती वडिलांचेच शब्द कानात घेऊन. तिनं नोकरी सोडली.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी," मामा म्हणाले.

"पळू दे," आई म्हणाली, "पाय धड आहेत तिचे."

बाईंनी चपलांच्या दुकानावर कचेरी थाटली. पण अपघातात सापडलेली माणसं जिना कशी चढणार? म्हणून बाईच खाली यायच्या. दुकानदार एका बाकावर गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायचा, दुसऱ्या बाकावर बाई मोडलेल्या पायाची हकीकत ऐकायच्या. माणसं वाढली तशी शेजारच्या शाळेनं शनिवारी दुपारी एक वर्ग दिला. तिथं बाईंची एक मैत्रीण हातापायांचे व्यायाम शिकवू लागली. बरे झालेले लोक नव्यांना दवाखान्यात सोबत करू लागले.

अशाच एका शनिवारी लाँड्रीत काम करणारी एक जण आली, उजवा हात ओढणीखाली झाकून. चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरमध्ये तिची बोटं चिरडली होती. रोलरच्या तोंडाशी लोखंडी जाळी असायला हवी, ती नव्हतीच. मालक म्हणे, जाळी हिनंच काढली. त्यांचा साक्षीदार होता लाँड्रीचा मुकादम.

कोर्टात मुकादमानं पढवलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "जाळी बोल्टांनी बसवलेली असते ना? मग हिनं ती कशानं काढली?"

"पान्यानं."

"पाना कुणाजवळ असतो?"

मुकादमानं मान वर केली. समोर ती बसली होती, आज हात उघडा ठेवून. त्याची नजर त्या हातावर गेली आणि तिथंच राहिली.

"माझ्याजवळ," तो म्हणाला. "साहेब, मीच काढली. मालक म्हणाले, चादर अडकते, काढून टाक. नाही म्हणायची माझी टाप नव्हती."

खरं बोलल्याचं बक्षीस त्याला लगेच मिळालं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीचं दार त्याला बंद. शनिवारी तो मान खाली घालून वर्गाच्या दाराशी उभा राहिला. "आत या, दार अडवू नका," बाई म्हणाल्या. ओळखीपाळखी काढून त्यांनी त्याला एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चिकटवून दिलं.

निकाल लागला. न्यायाधीशांनी वाचलं, कामगाराची काहीही चूक नाही. भरपाईचं बोलणं पुढं चालू होतं, पण तिचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं बाईंचा कोट ओढला.

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती."

"मग हे आमच्या घरी येऊन सांगाल? सासूबाई रोज म्हणतात, वेंधळी ती वेंधळीच."

बाई तशाच काळ्या कोटात तिच्या घरी गेल्या. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "मी कधी म्हटलं हिची चूक होती? त्या मेल्या मालकालाच अक्कल नाही!"

सून आधी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "अगं, रडतेस काय," सासूबाई म्हणाल्या, "वकीलबाईंना पाणी दे. नाही, थांब, तू बस. मीच आणते."