शिकंज्यातलं बोट

आमच्या शाळेची फाटकी पुस्तकं गेली तीस वर्षं एकाच बाईंच्या हातांनी सांधली. त्यांच्या कपड्यांना कायम खळीचा वास, म्हणून मुलं त्यांना खळमावशी म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "बरंय, चिकटपणा ओळखला पोरांनी."

एकदा पुठ्ठा कापताना सुरी घसरली ती मावशींच्या डाव्या तर्जनीच्या मुळाशी रुतली. जखम वरून इवलीशी, पण आतली बोट वाकवणारी दोरीच तुटली होती. सर्जननी ती शिवली. शुद्धीवर येताच मावशींनी विचारलं, "दोरा दुहेरी घेतला ना?"

हसत असल्या तरी जीव टांगणीला लागला होता. पानांच्या जुड्या शिवताना हेच बोट घडीच्या आत असतं. बाहेरून सुई आली की डोळ्यांआधी त्याला कळतं आणि ते तिला परत पाठवतं. ते ताठ राहिलं तर मावशींचं शिवणं संपलं. हाताखाली शिकणाऱ्या सुनेला कापणं, चिकटवणं छान जमत होतं, पण शिवण अजून कच्ची होती.

मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, हाताच्या मागच्या बाजूला, बोटं जरा वाकलेलीच राहतील अशी कडक पट्टी बसवली. ती सहा आठवडे काढायची नाही. दर तासाला उजव्या हातानं बोट तळहाताकडे दहादा वाकवायचं आणि पट्टीला टेकेल एवढंच सरळ होऊ द्यायचं, त्यापुढे नाही. हे शिकवणारी थेरपिस्ट लेकीच्या वयाची. मावशी तिला 'पोरी' म्हणत आणि पोर त्यांना बिनधास्त दटावत असे.

चौथ्या आठवड्यात मावशींनी घोळ घातला. बोट जरा वाकडंच राहतंय, हे त्यांना सलत होतं. नव्यानं बांधलेल्या पुस्तकाची पाठ ताठ असते. थोडी थोडी पानं उघडून, अंगठ्यानं दाबत ती मोकळी करावी लागते. मावशींनी पट्टी सोडली, हात टेबलावर उताणा ठेवला आणि बोट तसंच दाबायला घेतलं. तिसऱ्या दाबाला कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

सून धावत आली. "आई, काय केलंत हे?"

"पाठ मोकळी करत होते."

"ओल्या खळीचं पुस्तक मी एकदाच वाळायच्या आधी दाबाच्या शिकंज्यातून काढलं, तर महिनाभर मला ऐकवलंत! पट्टी म्हणजे शिकंजाच ना हा?"

मावशी उठल्या आणि सुनेबरोबर थेट थेरपिस्टकडे गेल्या.

थेरपिस्टनं बोटाचं मधलं पेर धरलं. "फक्त टोक वाकवा. अगदी हळू."

काहीच हललं नाही. सुनेनं श्वास रोखला. मग टोक किंचित, पान उलटण्याआधी उचलावं तेवढं, वाकलं.

"दोरी शाबूत आहे. नशीब तुमचं!"

"नशीब कसलं? टाके चांगले घातलेत," मावशी म्हणाल्या, पण पट्टी बांधताना हात स्वतःहून पुढे केला. त्या दिवसापासून तास झाला की सून नुसती "आई" म्हणे आणि त्या मुकाट्यानं दहा मोजत.

तीन महिन्यांनी मूठ मिटली. तर्जनीचं टोक तळहातापासून पेन्सिलीच्या जाडीएवढं दूर राहिलं.

"अजून सुधारेल," थेरपिस्ट म्हणाली.

"ते राहू दे. शिवता येतं का बघू." मावशींनी पिशवीतून पानांची जुडी, सुई, दोरा काढला. पहिला टाका बोटालाच टोचला. दुसऱ्यालाही "आई गं" झालं. तिसऱ्याला बोट बाजूला सरकलं, सुई अलगद फिरली आणि बाहेर पडली. चौथा, पाचवा. मग मोजणं थांबलं.

शेवटची गाठ मारून त्यांनी थेरपिस्टच्या टेबलाकडे पाहिलं. व्यायामांची नोंदवही एका गंजक्या पिनेवर तग धरून होती, अर्धी पानं बाहेर.

"हे कुणी बांधलंय गं पोरी?"

"मीच, मावशी."

"वाटलंच." मावशी सुनेकडे वळल्या. "माप घे या वहीचं. शिवणार मी."