कुडामागचा आवाज

माझ्या फजित्या आमच्या पंचक्रोशीला पाठ आहेत. झाडीपट्टीच्या नाटकात राजा झालो आणि ऐन दरबारात माझी मिशी सेनापतीच्या खांद्यावर जाऊन चिकटली, ही गोष्ट मीच सांगत फिरलो. रेडिओ दुरुस्त करून परत जोडला तर स्क्रू उरले, आणि तो आधीपेक्षा बरा वाजला — तीही मीच. स्वतःवर हसवायची मला लाज नाही. पण एक गोष्ट आजवर माझ्या तोंडून निघालेली नाही. सुमनला, माझ्या बायकोलासुद्धा ती माहीत नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

नक्कल ही माझी खोड. मास्तर, कंडक्टर, तलाठी — म्हणाल त्याचा आवाज काढायचो. वडलांचाही. वडील गावच्या तळ्यावर मासे धरायचे; पाण्यावरून हाका मारून मारून त्यांचा गळा खरबरीत झाला होता. घरी आले की अंगणात आधी खाकरायचे. आईचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही — त्या पिढीत कोण घ्यायचं? खाकरणं, मग ‘आलो वं’. बस. ते वारले तेव्हापासून तो आवाज मी काढला नव्हता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा आईला लकवा झाला. डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, आणि डोकं — कधी असायचं, कधी नसायचं. माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान घराच्याच ओट्यावर, म्हणून तिच्याजवळ मी. सुमन करायची, माझ्यापेक्षा जास्तच करायची. पण उन्हाळ्यात ती पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायची आणि मग उन्हं उतरेपर्यंत पुडे बांधत बसायची. दुपार माझी. कूस बदलायची, फडकी बदलायची, पाठीच्या जखमा पुसायच्या, पेज भरवायची. लोक म्हणत, हा सगळं हसत करतो. हसायचो खरा.

आमच्याकडची मे महिन्यातली दुपार पाहिली आहे का तुम्ही? रस्ता पांढरा पडतो. कुत्रं भुंकत नाही. आपलाच श्वास दुसऱ्या कुणाचा वाटतो.

अशाच एका दुपारी तिने दात मिटून घेतले. पेज मानेवरून ओघळली. ‘ते’ आल्याशिवाय जेवणार नाही म्हणे. मी वाडगा आदळला आणि घरामागे गेलो. मागची भिंत म्हणजे कूड, बांबूच्या तट्ट्यावर लिंपलेली माती. आत कुणी उसासा टाकला तरी बाहेर ऐकू येतो. तिथे उभा राहून मी खाकरलो.

“जेवली का वं?”

आत बाज करकरली. परत गेलो तर तिचं तोंड उघडं होतं, चिमणीच्या पिल्लासारखं.

किती खूश झालो मी! संध्याकाळी सुमनने रिकामा वाडगा पाहिला आणि विचारलं, “कशी काय जेवल्या आज?” मी म्हणालो, “हातात गुन लागते.” एवढा शहाणा मी.

पण असं हत्यार हाती आलं की ते भरवण्यापुरतं राहतं का? दुपारची डुलकी हवी असली की मी कुडामागे जायचो. “ओली झाली तरी गप पडून राय.” ती पडून राहायची. वडील जन्मात असं बोलले नव्हते. मी ते त्यांच्या तोंडी घातलं. एकदा तिने आतून तक्रार केली, “अजी, बाबू लय चिडते. काल हात मुरगाळला माहा.” बाबू म्हणजे मी. मुरगाळला होता, खरंच. “सांगतो त्याले,” मी म्हणालो. आणि मला — हेही लिहून टाकतो — हसू आलं.

मग ती मी नसतानाही बोलायला लागली. मी ओट्यावर रेडिओ उघडून बसलेला, आणि आत ती बोलायची, थांबायची, ‘हं’ म्हणायची, पुन्हा बोलायची. म्हातारं माणूस बरळतंय, म्हणाल. मीही तेच म्हटलं. पण वडलांना बोलताना दम लागायचा. वाक्य मध्येच तुटायचं. नक्कल करणारा माणूस आवाजाच्या आधी हे थांबे शिकतो. आई जिथे ‘हं’ म्हणत होती ते थांबे त्यांचे होते. मी घराला वळसा घालून पाहिलं. कुडामागे कुणी नव्हतं. मी उभा राहायचो तेवढी माती मात्र ओली होती. फडकी धुतल्याचं भांडं मीच तिथे ओतलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ओतलं होतं का? आठवत नाही.

आता लांबवत नाही — लांबवतोच आहे, नाही का?

त्या दुपारी फडकी नुकतीच बदलली होती आणि पुन्हा खराब झाली. तिला तसंच टाकून मी मागे गेलो. खाकरलो. काही बोलायच्या आधीच आतून आलं, “अजी, नेता का मले?”

उन्हाने डोकं भणभणत होतं. मी वडलांच्या आवाजात म्हणालो, “नेतो. पन आधी खानं सोड.”

तिने सोडलं. त्याच संध्याकाळपासून. सुमन चमचा घेऊन तिच्यापुढे रडायची. मला म्हणायची, “तुमच्या हातात गुन आहे ना, मंग भरवा न जी.” एक शब्द पुरला असता. कुडामागे जाऊन ‘जेव’ म्हणायचं होतं फक्त. मी रेडिओ उघडायचो आणि मिटायचो. घरात वास कमी झाला होता. मला झोप लागत होती. चांगली.

तिचे ओठ फुटले तेव्हा गेलो एकदाचा. टळटळीत दुपार होती. खाकरलो. “जेवून घे वं.”

आत बाज करकरली नाही. थोड्या वेळाने आईचा आवाज आला — स्वच्छ, लकव्याच्या आधीचा.

“बाबू, उन्हात नोको उभा राहू. रोजच उभा राह्यतं. आत ये.”

मी आत गेलो. ती कुडाकडे तोंड करून निजली होती. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला कळत होतं? ‘खानं सोड’ कुणी सांगितलं तेही? तिने चांगल्या हाताने माझं मनगट धरलं आणि ती डोळे मिटून पडून राहिली. पेज उशाशी होती, कोमट. मी बराच वेळ बसून होतो. ‘माय, जेव’ — हे माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणायला काय लागत होतं?

मी म्हणालो नाही.