साडूभाऊंनी निवडलेलं काडतूस

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात एकही वस्तू आवडली म्हणून विकत घेतलेली नाही. दुबईत, देऱ्यातल्या एका पंप विकणाऱ्या कंपनीत त्यांनी उभी हयात खरेदी खातं सांभाळलं. त्या खात्याचा धर्म त्यांच्या अंगात इतका भिनला, की जगात जे जे विकायला ठेवलेलं आहे ते फसवायलाच ठेवलेलं आहे, यावर त्यांची अढळ श्रद्धा बसली. तिथल्याच करामा भागातल्या भाजीवाल्याकडे ते कोथिंबिरीची जुडी उलटी धरून आधी मुळं बघतात. एकदा गादी घ्यायची होती, तेव्हा दुकानातल्या गादीवर बूट काढून, हात छातीवर ठेवून, डोळे मिटून ते इतका वेळ निश्चल पडून राहिले की शेजारी उभी असलेली एक फिलिपिनो बाई घाबरून मॅनेजरला बोलवायला गेली. उठल्यावर ते म्हणाले, "कंबरेला ठीक आहे. दुसरी दाखवा." माझी थोरली मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, सांगते की ते तिला बघायला आले तेव्हा त्यांनी तिच्या वडिलांना एकच प्रश्न विचारला होता: मुलगी रागावली की किती दिवस बोलत नाही? वडिलांनी खरं उत्तर दिलं, आणि लग्न ठरलं.

या चिकित्सेचा सगळ्यांना कंटाळा येई, फक्त एक प्रसंग सोडून. देऱ्यातल्या दाटीवाटीच्या खोल्यांमधून राहणारा आपल्याकडचा कुणी पोरगा झोपेतच गेला, की पहिला फोन साडूभाऊंना यायचा. कुठला कागद आधी लागतो, कुठलं विमान थेट जातं, कुठली शवपेटी चढवता-उतरवताना खिळखिळी होत नाही, हे त्यांना पाठ होतं. पेटीच्या चारही कोपऱ्यांवर ते बोटांच्या पेरांनी ठोकून बघत. घाई करणाऱ्याला एवढंच सांगत, "तिकडे आई उघडणार आहे ही." त्या दिवशी घरी येऊन ते जेवत नसत, आणि मेहुणी आग्रह करत नसे.

तर अशा या माणसाकडे, जो मुंग्यांच्या रांगेला साखर घालतो आणि अंड्याचा केकही खात नाही, एके दिवशी रानरेडा मारायची काडतुसं निवडण्याचं काम आलं.

कंपनीचे मालक, म्हणजे साडूभाऊंचे अरबाब, डोंगरापलीकडच्या खोर फक्कान बंदराचे. लहानपणी बापाच्या गलबतावरून मुंबई बंदरात येऊन गेलेले, त्यामुळे त्यांची हिंदी आमच्या मुलांच्या मराठीपेक्षा बरी. घरात बापाची एक जुनी अमेरिकन रायफल होती. खटक्याखालची कडी खाली ओढून वर घेतली की पुढचं काडतूस आत सरकतं, त्या जातीची. आणि नळीचं तोंड एवढं मोठं की गोळी अंगठ्यासारखी जाड. अरबाबांनी ठरवलं की आफ्रिकेत जायचं आणि या रायफलने रेडा मारायचा. त्यांचं हृदय दुबळं झालं होतं, मूत्रपिंडं थकली होती. पाणी प्यायला पेला उचलला तर निम्मं पाणी धोतरावर, चुकलो, पायघोळ अरबी कंदुऱ्यावर सांडायचं. घरातल्या कुणालाच त्यांनी जायला नको होतं, आणि कुणीच तसं बोलत नव्हतं. श्रीमंत घरात म्हाताऱ्याला नाही म्हणण्याचं काम पगारी माणसाकडे असतं, आणि त्या घरात ते अजून कुणाला नेमून दिलेलं नव्हतं.

बंदुकीचा परवाना अरबाबांचा, त्यामुळे सही त्यांची, निवड साडूभाऊंची. दोघं मिळून बंदुकांच्या दुकानात गेले. तिथे अरबाब कहवा पीत बसले आणि साडूभाऊ काडतुसांच्या डब्यांवरची बारीक अक्षरं वाचत बसले. औषधाच्या बाटलीवरची वाचावीत तशी, मागची बाजू आधी. दुकानातला मल्याळी सेल्समन पहिल्या दिवशी 'सर' म्हणत होता, पुढे पुढे नुसताच उसासा टाकू लागला. कंपन्यांना ई-मेल गेले. रायफल एका कारागिराकडून तपासून आणली. आमच्या घरी जेवायला आले तरी विषय तोच. त्या रायफलच्या नळीखाली आणखी एक नळी असते आणि तिच्यात काडतुसं एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी झोपलेली असतात, हे समजावण्यासाठी त्यांनी आमच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी काढली आणि आपल्या मुलीच्या पर्समधल्या लिपस्टिका तिच्यात सारल्या. "ही टोकदार. हिचं टोक पुढचीच्या बुडाला टेकलं. बुडाशी टिकली असते. धक्का बसला, टिकलीवर टोक आपटलं, की बार नळीतच. म्हणून गोळीचं नाक चपटं पाहिजे." मुलगी म्हणाली, "पपा, दॅट्स माय गुड वन." साडूभाऊंनी ती लिपस्टिक नापास करून परत दिली.

पण चपट्या नाकाने प्रश्न सुटला नाही, तिथेच खरा सुरू झाला. रेड्याची कातडी जाड, हाडं त्याहून जाड. त्याच्या आत खोल जायला कडक धातूची गोळी आणि जबर दारू लागते. तशी तयार काडतुसं दुकानात होती. डब्यावर लिहिलंही होतं की फक्त नव्या, मजबूत रायफलींसाठी. अरबाबांच्या बापाच्या रायफलीत ती घातली असती तर रेड्याआधी अरबाबांचंच तोंड फुटायची शक्यता. जुन्या रायफलींसाठी मुद्दाम मवाळ भरलेली, मऊ शिशाची काडतुसंही होती. ती रायफल झेलेल, हरीणही पडेल. रेड्याला मात्र नुसता राग येईल. बंदुकीला चालेल ते रेड्याला चालत नव्हतं, आणि रेड्याला चालेल ते बंदुकीला. नवी रायफल घ्या म्हटलं तर अरबाब ऐकत नव्हते. रायफल बापाचीच हवी. आयुष्यात पहिल्यांदा साडूभाऊंच्या समोर सगळे डबे होते आणि घेण्याजोगा एकही नव्हता.

मेहुणीने हात जोडून सांगितलं, मवाळ डबा आणून द्या आणि गप्प बसा. व्हिसा आहे तोवर इथे आहोत, अरबाब चिडले तर यल्ला, पुढच्या महिन्यात सामान बांधा. साडूभाऊ म्हणाले, "पंप बंद पडला तर बदलून देता येतो गं."

त्या शुक्रवारी खोर फक्कानला अरबाबांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, मी त्यांना गाडीने घेऊन गेलो, म्हणून पुढचं माझ्या समोर घडलं. भिंतीला लागून गाद्या, गाद्यांवर पाहुणे, आणि कोपऱ्यात आपल्या स्टँडवर एक पाळीव ससाणा. जमलेल्यांत खरा रुबाब त्या एकट्याला होता. थोरला मुलगा पाहुण्यांना सांगत होता की आमचे वडील सिंह आहेत. साडूभाऊंनी कहवा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर, पंपाचा रिपोर्ट द्यावा तशा आवाजात सांगितलं की या रायफलीने रेडा मारता येईल असं काडतूस बाजारात नाही. हरीण मारा, त्याचं आणून देतो.

कुणीतरी हसलं. अरबाब हसले नाहीत.

"तू गोश्त नहीं खाता," ते म्हणाले, "और मेरे को बोलता है क्या मारना?"

"अरबाब, मारने का मैं नहीं बोलता. वापस आने का बोलता हूँ."

 अरबाब मान फिरवून म्हणाले, "खलास. हिरन."

एवढ्या लोकांसमोर बोलणं झाल्यावर मुलांना रेड्याचा बेत मोडायला कारण मिळालं. परतताना थोरल्या मुलाने साडूभाऊंना गाडीपर्यंत सोडायला येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. व्हिसाचं तर झालंच, निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी राहा म्हणाला. घाटातून उतरताना साडूभाऊ खुशीत होते. तेव्हा मलाही वाटलं, माणसाने एकदा तरी बरोबर वस्तू बरोबर जागी बसवली.

अरबाब आफ्रिकेला गेले, मवाळ काडतुसं घेऊन गेले, आणि एकही न उडवता परत आले. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत. आधी एक नळी, मग दुसरी. मग नर्सने कुशीवर वळवायचं, पुसायचं, पुन्हा वळवायचं. साडूभाऊ दर आठवड्याला भेटायला जात आणि मी गाडी चालवायला असे. खिडकीतून बंदरावरच्या क्रेन दिसत. एके दिवशी अरबाब छताकडे बघत, अजिबात न रागावता म्हणाले, "इतना अच्छा मौत था मेरा. तूने कॅन्सल किया. किसने बोला तेरे को, मेरे को वापस आने का था?"

 परतीच्या वाटेवर साडूभाऊ म्हणाले, "त्यांना कशासाठी हवंय, हे मी विचारलंच नाही. खरेदीत पहिलं हेच विचारायचं असतं."  त्यांचं चुकलं म्हणणं खोटं ठरलं असतं, आणि बरोबर म्हणणंही.

पुढच्या आठवड्यापासून त्यांनी एक विचित्र प्रकार सुरू केला. पलंगाशी खुर्ची ओढून ते अरबाबांना ती शिकार सांगू लागले. प्राणिसंग्रहालयाबाहेर कधी जनावर न पाहिलेला हा माणूस हिंदीत सांगायचा, की सकाळ आहे, गवत छातीएवढं आहे, रेडा डावीकडून येतोय. अरबाब डोळे मिटूनच म्हणायचे, "बाएं से नहीं. हवा किधर है, पहले देख." साडूभाऊ हवा बघायचे. रेडा शेपूट उभारून धावला म्हटलं की अरबाब म्हणायचे, "गाय है क्या? सिर देख, सिर." साडूभाऊ डोकं बघायचे. रेडा जवळ येत राही, पण गोळी सुटायच्या आत म्हाताऱ्याला झोप लागे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा गवतापासून सुरुवात.

शेवटच्या दुपारी श्वास खरखरत होता आणि मुलं दाराशी उभी होती. साडूभाऊंनी रेड्याला गवतातून बाहेर काढलं. मग थांबून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "अरबाब, हवा हमारे पीछे से है." एव्हाना मलाही कळत होतं की हे चूक आहे, वारा पाठीमागून असेल तर रेड्याला वास लागतो. साडूभाऊ पुढे झुकले आणि अरबाबांच्या ओठांशी कान नेऊन वाट बघत राहिले. कुणी दुरुस्त केलं नाही.