फुलसावंगीच्या गाडीवरची उज्ज्वला

फुलसावंगीजवळच्या तांड्यावर किसनसिंग राठोडांचं सोयाबीन काढून पडलं होतं, आणि ट्रॅक्टर चालवणारा त्यांचा मुलगा बादल हात मोडून घरात बसला होता. मळणीयंत्रवाला दारात येऊन म्हणाला, "आज नाई झालं त मंग पुढच्याच हप्त्यात पाहा." आभाळ भरून येत होतं. किसनसिंग काही बोलायच्या आत त्यांच्या थोरल्या मुलीने, उज्ज्वलाने, खुंटीवरची किल्ली काढली.

"तुले येते काय?" किसनसिंगांनी विचारलं.

"बादल चालवते तवा मी बाजूलेच बसून राह्यते न, बापू. पाहून पाहून समजलं सारं."

सारं समजलेलं नव्हतं. पहिल्याच वळणावर तिने बांधाची माती उखडली आणि बाभळीची एक फांदी ट्रॉलीबरोबर फरफटत नेली. पण दुपारनंतर ती ट्रॉली मागे घ्यायला लागली तेव्हा मळणीयंत्रवाल्याने ओरडून दिशा सांगायचं सोडून दिलं. पाऊस यायच्या आत पोती घरात आली. तांड्यातल्या बाया ओट्यावरून पाहत होत्या. आई रुपीबाई त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापत राहिली.

हे मला उज्ज्वलाने स्वतः सांगितलं. एका दमात नाही. गाडी सुटायच्या आधी हवा पाहायला टायरवर काठी मारता मारता, कधी चहाचा पेला हातात धरून, असं थोडं थोडं. मी फुलसावंगीत राहतो आणि पुसदला एका पतसंस्थेत नोकरी करतो. त्यामुळे तिच्या एसटीचा मी रोजचा प्रवासी होतो.

त्या मळणीनंतर वर्ष-दोन वर्षांनी एसटीत बायकांसाठी चालकाच्या जागा निघाल्या. बातमी बादलनेच मोबाईलवर पाहिली. उज्ज्वलाचं बी.ए. झालं होतं आणि घरी स्थळं पाहणं चालू होतं. जड वाहनाचा परवाना हवा होता, म्हणून यवतमाळला मावशीकडे, लालीबाईकडे, राहून ट्रक शिकायचा असं तिने ठरवलं. रुपीबाईने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मोटार हाकनाऱ्या पोरीले कोन करन?"

"जो करन तो आपल्या मनानं करन," किसनसिंग म्हणाले. "आपले आजे-पंजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडत. त्याच्यात बाया काय घरी बसून राह्यत होत्या?"

रुपीबाईला ते पटलं नाही. पण ती आडवीही आली नाही.

निवड झाली, प्रशिक्षण सुरू झालं आणि कोरोना आला. सगळं थांबलं. उज्ज्वला परत शेतात, कापूस वेचायला. लोक तिला विचारायचे, "काय व डायवर, गाडी कुठं हाय तुही?" ती हसण्यावारी न्यायची. माझ्याशी बोलताना मात्र म्हणाली, "तवा लई जीव जाये. गाडी चालवता येते अन् गाडीच नाई."

प्रशिक्षण पुन्हा सुरू झालं तेव्हा तिला देवसिंग नावाचे शिक्षक मिळाले. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. पहिले काही दिवस त्यांनी तिला स्टेअरिंगला हातच लावू दिला नाही. ते स्वतः गाडी चालवायचे आणि तिला सगळ्यात मागे, दांडीला धरून उभं करायचे. खड्डा आला की ती छताला लागायची बाकी राहायची. ब्रेक लागला की सीटवर आदळायची. चौथ्या दिवशी ती चिडली.

"सर, मी गाडी शिकाले आली. उभी राहाले नाई."

"हेच शिकून राह्यली तू," देवसिंग म्हणाले. "डायवरले धक्का लागतच नाई. त्याच्याखाली चांगली सीट असते. मागं म्हातारी उभी हाय, पोटुशी बाई हाय, हे त्याले कसं समजन? सांग, कमरीले लागते का?"

"लागते."

"मंग आता ये पुढं."

तिची गाडी आजही खड्ड्यात हळू उतरते. आमच्याकडे खड्डे इतके, की हे आम्हाला रोज दहादा लक्षात यायचं.

पहिली ड्यूटी तिला फुलसावंगी-पुसदचीच मिळाली. खाकी सलवार-कमीज, केस घट्ट बांधलेले. वाहक कपिल तिच्यापेक्षा वयाने लहान आणि तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला. वाटेतल्या एका थांब्यावर मारोतराव चढले. कापूस, तुरीची बरी शेती असलेले गृहस्थ, गावात शब्दाला मान. त्यांनी केबिनकडे पाहिलं आणि चढलेली पायरी उतरले.

"मी मागच्या गाडीनं येतो."

त्यांची बायको मैनाबाई मात्र आत जाऊन बसलीसुद्धा होती. खिडकीतून डोकं काढून ती म्हणाली, "तुमी या मागून. मले डोळ्याच्या डाक्टरकडे जाचं हाय. नंबर निघून जाईन."

मारोतराव क्षणभर रस्त्यावर उभे राहिले. मग चढले. पुसद येईपर्यंत त्यांनी पुढच्या सीटची दांडी सोडली नाही.

हे काम लांबून दिसतं तसं नाही. मे महिन्यात आमच्याकडे रस्ता वितळतो, आणि चालकाच्या बाजूलाच इंजिन असतं. उज्ज्वला ओला दुपट्टा डोक्याला बांधायची, अर्ध्या तासात तो कोरडा खडखडीत व्हायचा. क्लचने डावा पाय भरून येतो. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या रस्ता अडवून चालतात आणि त्यांच्या मागे मागे बैलाच्या चालीने जावं लागतं. वाटेतल्या बऱ्याच थांब्यांवर बाईमाणसाला जायला जागा नसते. पहिले काही महिने ती दिवसभर पाणीच प्यायची नाही आणि त्यातून आजारी पडली. शेवटी फुलसावंगीच्या थांब्याजवळ चहाचं दुकान चालवणाऱ्या इंदूबाईंनी तिला आपल्या घराची मागची बाजू दाखवली. "हे तुहंच घर समज. अन् पानी पेत जा व बाई," असं बजावलं. इंदूबाईंच्या दारात गाडी थांबली की ती कशाला थांबली हे साऱ्या गावाला ठाऊक असायचं आणि कोणी विचारायचं नाही.

बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत बायकाच जास्त असतात. माहेरी निघालेल्या, दवाखान्याला निघालेल्या, नुसत्याच बाजार पाहायला निघालेल्या. धावत येणारी बाई आरशात दिसली की उज्ज्वला थांबायची. कपिलने निघायची डबल बेल दिलेली असली तरी.

तिची नोकरी लागून वर्ष होत आलं तेव्हा एक दिवस तांड्याच्या फाट्यावर रुपीबाई उभी दिसली. तिला कशासाठी जायचं होतं हे कोणाला कळलं नाही, तिने पुसदचं तिकीट घेतलं. ती लेकीशी एक शब्द बोलली नाही. माझ्या पुढच्याच सीटवर बसली होती. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, "चांगली हाकते व ही पोरगी. कोनाची हाय?"

रुपीबाईने हातातल्या तिकिटाची घडी घातली.

"माही हाय," ती म्हणाली. मग पदर सावरून ताठ बसली.

आता त्या सकाळचं सांगतो. सप्टेंबर होता, रात्रभर पाऊस कोसळला होता. मी, मारोतराव आणि आणखी चाळीसेक माणसं गाडीत होतो. गावातली दिपाली नावाची मुलगी नर्सिंगच्या पेपरला निघाली होती आणि ओठ हलवत पाठ करत होती. महागावच्या अलीकडे एका नाल्यावर ठेंगणा पूल आहे. त्यावरून पाणी वाहत होतं. फार नाही, घोटाभर दिसत होतं. उज्ज्वलाने गाडी अलीकडेच उभी केली.

आम्ही पाहत असतानाच एक जीप मागून आली, आमच्या बाजूने निघाली आणि पाणी उडवत पलीकडे गेली. झालं. गाडीत आवाज सुरू झाले.

"जीप गेली न! तुमची त एवढी मोठी गाडी हाय!"

"मानूस असता त कवाच काढली असती."

हे शेवटचं मारोतराव बोलले. उज्ज्वलाने किल्ली काढून खिशात टाकली, खाली उतरली आणि पाण्यात थोडी आत जाऊन उभी राहिली. परत आली तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"उजव्या हाताचे कडेचे दगड दिसून नाई राह्यले," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पूल कुठं संपते ते मले दिसत नाई. न दिसनाऱ्या जागेवर मी चाक नाई टाकत."

"अन् माहा पेपर?" दिपाली रडायलाच लागली. "ताई, वर्ष जाईन माहं."

उज्ज्वला तिच्याकडे वळली. गाडीतल्या आरड्याओरड्याने ती हलली नव्हती, या एका प्रश्नाने हलली. मग तिने डेपोला फोन केला, दोन शब्द बोलली आणि कपिलला म्हणाली, "मागं जाऊन उभा राह्य. पत्र्यावर थाप मारत राह्य. थाप थांबली का मी थांबन."

रस्ता इतका अरुंद, की गाडी वळवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना भिजलेली काळी जमीन. चाक एकदा उतरलं असतं तर संध्याकाळपर्यंत निघालं नसतं. तेवढी लांबलचक गाडी तिने उलटी घेतली, मागच्या शेताच्या वाटेपर्यंत. मान मागे वळवलेली, एक हात स्टेअरिंगवर, कपाळावर घाम. थाप, थाप, थाप. शेताच्या वाटेवर तिने गाडी फिरवली, लांबच्या रस्त्याला लावली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही तिला जोरात गाडी चालवताना पाहिलं. दिपालीला तिने थेट कॉलेजच्या फाटकासमोर उतरवलं. पेपर सुरू झाला होता, पण उशिरा येणाऱ्यांना अजून आत घेत होते. ती बसली, आणि पुढे पासही झाली.

दुपारी पाणी ओसरलं. संध्याकाळी परतताना पुलाशी रस्ता बंद होता, पुन्हा लांबच्या रस्त्याला वळताना आम्ही सगळे खिडक्यांना चिकटलो होतो. पुलाची उजवी बाजू बसच्या चाकाएवढी रुंद खचली होती, खाली नाला दिसत होता. जीप अंगाने लहान, डावीकडून निघून गेली होती. आमची गाडी तिथे मावली नसती.

माफी मागणाऱ्यांपैकी मारोतराव नव्हेत. पण पुढच्या आठवड्यात कोणा परगावच्या माणसाने केबिनकडे पाहून काही थट्टा केली, तेव्हा ते मागच्या सीटवरून गरजले, "ओ भाऊ! गुमान बसा. बाई गाडी चालवून राह्यली."

उज्ज्वला आरशात पाहून हसली. मी पाहिलं.

मधल्या काळात तिचं लग्न झालं. नोकरी सोडणार नाही, हे तिने बैठकीतच स्पष्ट सांगितलं होतं. आता ती पुसद-नागपूरच्या गाडीवर असते. आमच्या गाडीवर दुसरा चालक आला आहे. तो चांगला आहे, फक्त खड्ड्यात सरळ उतरतो. परवा पुसदच्या स्टँडवर ती भेटली, नवी गाडी पुसत होती.

"करमते का तिकडे?" मी विचारलं.

"करमते न. रस्ता मस्त हाय, गाडी बी मस्त हाय. फक्त ते नागपुरातले सिग्नल! नुसतं उभं राह्यनं, उभं राह्यनं. अन् धावत येनारं कोनी नाई दिसत तिथं. सारे थांब्यावरच उभे."

वाहकाने दोन घंट्या दिल्या. तिने कापड सीटखाली टाकलं, आरसा नीट केला आणि गाडी काढली.