पडताळणीवाले मन्यार सर

मन्यार सर कारखान्यात फोन लावायचे तेव्हा "अमुक मुलगी तुमच्याकडे कामाला आहे का?" असं कधीच विचारायचे नाहीत. "तिला फोनवर बोलवा, मी थांबतो," एवढंच म्हणायचे आणि खरोखर थांबायचे. पलीकडचा सुपरवायझर वैतागायचा, नंतर करतो म्हणायचा, कधी फोन टेबलावर ठेवून निघूनही जायचा. सर ढिम्म. मुलगी आली की पहिला प्रश्न ठरलेला: "आज काय शिवतेस?" कॉलर, बाही, खिसा, उत्तर काहीही चालायचं, फक्त ते पटकन यायला हवं. हाच प्रश्न का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "नोकरी करस हाई कोनी बी सांगी देस, ताई. आज काय करी ऱ्हायनी, ते काम करनारीलेच माहीत ऱ्हास."

मी तेव्हा खांडबाऱ्याच्या शिवणकाम केंद्रात शिकवायचे. केंद्र एका सेठचं, खर्च सरकारी योजनेचा. डोंगरातल्या मुली आमच्या वसतिगृहात राहून शिवण शिकायच्या आणि खांडबाऱ्यालाच गाडीत बसून सुरतेच्या कारखान्यांत कामाला जायच्या. पण शिकवलं आणि सोडून दिलं, असं योजनेत चालत नाही. मुलगी सलग तीन महिने नोकरीत टिकली हे दाखवावं लागतं. नेमणूकपत्र हवं, बँकेत पगार आलेला हवा, शिवाय मुलीशी फोनवर बोलणं आणि तिच्या घरी जाऊन चौकशी. सगळं जुळलं तरच पुढची तुकडी मंजूर. ते जुळतं का, हे बघायला कंत्राटावर नेमलेले अधिकारी म्हणजे मन्यार सर. नंदुरबारचे, सडपातळ, शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नाही. घरात हिंदी, बाजारात अहिराणी आणि अहवालात असं चोख मराठी की आमच्या शाळेतल्या गुरुजींनी पाठ थोपटली असती. मी सारंगखेड्याकडची, त्यामुळे आमचं बोलणं अहिराणीतच चालायचं.

पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या सेठचा पार पोपट केला. सेठने मुलींचे सुरतेच्या कारखान्यात काम करतानाचे फोटो म्हणून एक गठ्ठा पुढे ठेवला. सरांनी एक फोटो उचलला, थोडा लांब धरला आणि विचारलं, सुरतेत अजून पायमशीन चालतं का? आता, सुरतेच्या कारखान्यात सगळी मोटारीची मशिनं असतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पायमशिनं होती ती आमच्या केंद्रात. सेठ घाम पुसत, चुकून दुसरे फोटो आले असतील म्हणाला. सर रागावले नाहीत. फोटो परत केले, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, "सेठ, पोरी खरंच सुरतले काम करतस ना? मंग खोटा फोटो कसाले? खऱ्याले बी डाग लागस." सेठने नंतर दिवसभर त्यांना शिव्या घातल्या. मला मात्र माणूस आवडला.

ते आवडणं पुढच्या होळीपर्यंत टिकलं. आमच्याकडे डोंगरातली माणसं कुठेही कामाला असोत, होळीला घरी येतात म्हणजे येतातच. दिवाळी चुकेल, होळी चुकणार नाही. कारखान्यांनाही हे ठाऊक असतं. ते सरळ हजेरीवरून नाव काढतात आणि माणूस परतला की पुन्हा लावतात. त्या वर्षी आमची तुकडी थंडीत कामाला लागली होती, म्हणजे तीन महिन्यांच्या मधोमध होळी. सरांनी फोन लावले तर एकही मुलगी कारखान्यात नाही. घरी गेले तर सगळ्या घरी, नटूनथटून. मी गयावया केली. सर, रजेवर आहेत असं लिहा, पंधरवड्यात परत जातील. ते म्हणाले, रजा असती तर हजेरीवर नाव असतं. मी म्हटलं, तुम्ही इथलेच ना, तुम्हाला होळी माहीत नाही का? सर म्हणाले, "पोरीस्नी चूक नही, ताई. पन आज त्या कामवर नहीत. मी खोटं कसं लिखू?"

आणि लिहिलं. सगळ्यांच्या नावापुढे, 'कामावर नाही'. मुली ठरल्याप्रमाणे सुरतेला परत गेल्या, त्याच मशिनांवर बसल्या, पण 'सलग' तुटलं ते तुटलं. वरून सेठला पत्र आलं की आणखी एक तुकडी देऊन बघू, तीही टिकली नाही तर केंद्र बंद. मी सरांशी बोलणं टाकलं. कसला एवढा ताठा, असं वाटायचं. पुढे कळलं की त्यांनी वरच्या कार्यालयाला स्वतःहून लिहिलं होतं: होळीचा खंड या जिल्ह्यात नोकरी सोडणं नसतं, तो धरू नये. उत्तर आलं, नियम सगळ्या जिल्ह्यांना सारखाच. त्यांनी पुन्हा लिहिलं. दुसऱ्यांदा उत्तरही आलं नाही. हे त्यांनी मला सांगितलं नाही, त्यांच्या कार्यालयातल्या शिपायाने सांगितलं. मग मी आपणहून चहा करून त्यांच्यापुढे ठेवला. रुसवा संपला.

त्या शेवटच्या तुकडीत रंजिला होती, तोरणमाळच्या वाटेवरच्या पाड्यातली. हात इतका साफ की मी तिच्या शिलाईत खोट काढायला बसायचे आणि हात हलवत उठायचे. तिची धाकटी बहीण बिजली शाळा सुटल्यापासून घरी बसून होती, तिचं नाव पुढच्या तुकडीत लिहिलेलं. म्हणजे रंजिलाची तुकडी टिकली तर बिजलीचं शिक्षण, नाहीतर बिजली ऊसतोडीला. यांच्याही तीन महिन्यांत होळी आलीच. होळीला येऊ नका, असं मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण मुली काय बहिऱ्या असतात? मागच्या मुलींचं काय झालं ते सगळ्यांच्या कानावर होतं.

होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. गावोगावचे ढोल उतरतात, पोरंपोरी नवे कपडे घालून येतात. घरच्यांची चौकशी एकाच जागी होईल म्हणून सर त्या दिवशी बाजारात आले. पावरी बोली समजावून सांगायला मी सोबत होते. रंजिलाची आई भेटली, बिजली भेटली. रंजिला कुठे, असं विचारलं तर आईने नुसता सुरतेच्या दिशेला हात केला. सरांनी तिथेच उभं राहून फोन लावला. सुपरवायझरने तिला बोलावलं.

"आज काय शिवतेस?"

"कुर्त्याची बाही, सर," रंजिला म्हणाली. सरांनी स्पीकर लावला होता, मलाही ऐकू आलं. मग तिने विचारलं, "सर, मागे ढोल कोणाचा वाजतोय?"

"तुमच्याच गावचा," सर म्हणाले.

पलीकडून मशिनांची घरघर तेवढी येत राहिली. मग ती म्हणाली, "फोन ठेवू नका."

सरांनी फोन हातात उंच धरला, ढोलांच्या बाजूला. माणसं बघत होती. पांढऱ्या शर्टातला साहेब बाजारात हात वर करून उभा आहे, म्हणून पोरं हसत होती. कोणीतरी पलीकडून फोन बंद केला तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. बाकीच्या मुलींनाही फोन लावले. सगळ्या कारखान्यात होत्या, एकही घरी आली नव्हती. सरांनी एका चहावाल्याच्या बाकड्यावर बसून सगळ्यांच्या नावापुढे 'कामावर हजर' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चहा अर्धा सोडून उठताना पाहिलं. मला रडू आलं, आणि आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू.

तुकडी मंजूर झाली. सरांनी त्यानंतर कंत्राट पुढे घेतलं नाही. नंदुरबारला भावाच्या बांगड्यांच्या दुकानात बसू लागले. कारण विचारलं तर वय झालं म्हणायचे. वय काही झालं नव्हतं.

बिजली शिकली आणि तीही सुरतेला लागली. पुढची होळी झाल्यावर मी मुद्दाम दुकानात गेले, आनंदाची बातमी होती. नव्या पडताळणीवाल्याने होळीत फोन केला, बिजली कामावर, तिच्या सोबतीला रंजिलाही कामावर, सगळा पुरावा चोख, केंद्राला आता कसलीही धास्ती नाही, असं मी एका दमात सांगून टाकलं. सर बांगड्यांची चळत पुसत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मंग यंदा त्या घरमातून होळीले कोन नाचनं, ताई?"

हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.